सातव्या बगळ्याची मान

घर एकच होतं, पण त्यात धंदे दोन होते. पुढच्या खोलीत कवळीकाका माणसांचे दात बनवायचे आणि मागच्या खोलीत काकू केक बनवायच्या. मागच्या खोलीमुळेच पुढची खोली चालते असं गल्लीतले लोक म्हणायचे, आणि ऐकून ऐकून काकांनाही ते थोडंफार खरं वाटायला लागलं होतं.

काका दातांचे डॉक्टर नव्हते. हे ते प्रत्येक नव्या माणसाला न कंटाळता समजावून सांगत. डॉक्टर तोंडात बघतात, माप घेतात आणि ते माप काकांकडे पाठवतात. त्या मापात काका प्लास्टर ओततात, की झाला जबडा तयार. जबड्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात एकेक दात रोवायचा, आणि सगळं मनासारखं बसलं की मेण काढून त्याच्या जागी गुलाबी मसाला भरायचा. ऐकायला सोपं आहे. पण दात अर्ध्या केसाइतका जरी उंच बसला, तरी माणूस जेवताना तोंडात खडा आल्यासारखा दचकतो. काकांची कवळी घालून आजवर कोणी दचकलं नव्हतं.

आणि रंग! दात पांढरे असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यात दात नीट पाहिलेलेच नसतात, असं काका म्हणत. त्यांच्याकडे एक पट्टी होती. तिच्यावर सोळा दात ओळीनं बसवलेले, सोळाच्या सोळा छटा. कोणाचा दात चौथ्या नंबरचा आहे आणि कोणाचा नवव्या, हे काका रस्त्यानं जाता जाता, समोरचा माणूस हसला की ओळखत.

तर अशा माणसाला स्वतःच्या घरात एका वस्तूला हात लावायची बंदी होती.

दोन खोल्यांच्या मध्ये बसायची जागा होती, तिथे कोपऱ्यात गोल टेबलावर एक जुना दिवा होता. दीड हात उंच, मातीचा, भाजून चकाकी चढवलेला. वर कापडी छत्री, तिच्या आत बल्ब. खालचं पोट घागरीसारखं फुगलेलं, सायीच्या रंगाचं. त्या पोटाभोवती हिरव्या लव्हाळ्यात सात बगळे उभे होते. बगळे नुसते रंगवलेले नव्हते. कारागिरानं ते ओल्या मातीतच उठावदार घडवले होते, त्यांच्या माना तर पार सुट्या, बोट घातलं तर मागून जाईल अशा. मग एकेका पिसावरून बारीक कुंचला फिरवला होता. बुडाशी त्या कारागिरानं आपली दोन अक्षरं खिळ्यानं कोरली होती. ती कोणाची हे कोणालाच माहीत नव्हतं, पण दिवा नव्वद वर्षांचा आहे हे मात्र सगळ्यांना माहीत होतं, कारण काकूंची आत्या ते दर भेटीत सांगायची.

दिवा आत्याच्या वडिलांचा. काकूंच्या लग्नात आत्यानं तो त्यांच्या हातात दिला आणि सगळ्या मांडवासमोर म्हणाली होती, "सांभाळता आला तर ठेव. नाही तर माझा मला परत दे."

लग्नानंतरची पहिली अकरा वर्षं दिवा कोणीही पुसत असे. काकूही पुसत, काकाही पुसत. मग एका शनिवारी काकूंनी अचानक फर्मान काढलं. "आजपासून दिव्याला तुम्ही हात लावायचा नाही. मी एकटी पुसणार, तेही कोरड्या फडक्यानं." का, ते सांगितलं नाही. काकांनीही विचारलं नाही, कारण त्यांना कारण माहीत होतं. त्याच आठवड्यात त्यांच्या हातून एक कप फुटला होता.

एक कप! बावीस वर्षं झाली तरी तो कप काकांच्या मनात फुटतच होता. गावातली शेकडो माणसं त्यांच्या हातांवर विसंबून घास चावत होती, आणि बायको एक दिवा त्यांच्या हाती द्यायला तयार नव्हती. दिव्याच्या बुडाभोवती ती दर उन्हाळ्यात मुंग्यांच्या खडूची गोल रेघ ओढायची. काकांना वाटायचं, ती रेघ मुंग्यांसाठी नाहीच, आपल्यासाठी आहे.

आणि एका बुधवारी आत्याचा फोन आला.

आत्या एक्याऐंशी वर्षांची. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, त्यामुळे आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. महिन्यापूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून ती नातेवाइकांच्या घरोघर जाऊन, आजवर न दिसलेल्या गोष्टी बघत होती आणि बघितलेल्या गोष्टी मोठ्यानं सांगत होती.

"रविवारी चार वाजता येते," ती म्हणाली. "मला दिवा बघायचाय. नीट बघायचाय."

त्या 'नीट'वर काकूंचा चेहरा पिठासारखा झाला. काकांना वाटलं, धुळीची काळजी.

रविवारी सकाळी मात्र काकूंच्या डोक्यावर तीन मजली केक होता. लग्नाचा. त्यावर साखरेचे ऐंशी गुलाब, इतके हुबेहूब की खिडकीतून आलेली मधमाशी दोन वेळा फसून परत गेली होती. तीन मजली केक टेम्पोत एकटा पाठवायचा नसतो. त्याच्या शेजारी बसून वळणावळणावर त्याला धरायचं असतं. काकू पदर खोचून निघाल्या आणि दारातून परत फिरल्या.

"दिवा मी आल्यावर पुसते. तुम्ही हात लावू नका."

"मी कशाला हात लावू?"

"नाही, सांगून ठेवते."

"बावीस वर्षं सांगतेयस."

"बावीस वर्षं ऐकताय ना? मग आजही ऐका."

टेम्पो गेला. काका दिव्यासमोर उभे राहिले. आत्या नवे डोळे घेऊन येणार, आणि लव्हाळ्यांच्या खाचांत बावीस वर्षांची काजळी. कोरड्या फडक्यानं ती निघते होय? तिला पाणी लागतं, मऊ ब्रश लागतो आणि असे हात लागतात, जे रोज दातांच्या फटी साफ करतात. काकांनी ठरवलं. दिवा असा झळाळून काढायचा की बायको दारात थबकली पाहिजे. ती म्हणेल, हे कोणी केलं? आणि आपण म्हणायचं, ज्याच्या हातून कप फुटला होता त्यानं.

त्यांनी प्लग काढला, छत्री उतरवली, ट्रेमध्ये टॉवेल अंथरून दिवा त्यावर घेतला. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, लहान मुलांचा असतो तसला मऊ ब्रश. पहिला बगळा उजळला. दुसरा उजळला. तिसऱ्याच्या पंखावर निळसर छटा होती हे बावीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं. सहाव्यापर्यंत काका शीळ घालायला लागले होते.

सातव्या बगळ्याचं डोकं ब्रशाखाली मऊ लागलं.

काका थांबले. माती मऊ लागत नाही, नव्वद वर्षांची तर नाहीच. त्यांनी बोटानं हलकेच चाचपलं. बगळ्याची चोच वाकली आणि खाली लोंबली. मग डोळा ओघळला. मग एखादी मेणबत्ती उन्हात ठेवावी तशी सगळी मान हळूहळू खाली आली आणि पांढऱ्या चिकट थेंबांनी ट्रेमध्ये टपटपू लागली. काकांनी घाबरून ती टॉवेलनं टिपली. टॉवेल दूर केला तेव्हा बगळा खांद्यापर्यंतच उरला होता.

त्यांच्या बोटावर तो पांढरा चिकट थेंब होता. कोणीही दुसरा माणूस असता तर त्यानं सहज बोट चाटून पाहिलं असतं, आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण काकांच्या धंद्यात एक नियम आहे: कामाच्या टेबलावरचं काहीही तोंडात घालायचं नाही. तो त्यांनी पस्तीस वर्षं पाळला होता, आत्ताही पाळला. बोट स्वच्छ धुतलं आणि खुर्चीत मटकन बसले.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

'नव्वद वर्षांची कला,' ते मनाशी म्हणाले, 'साबणाच्या एका थेंबानं गेली. बायकोला कळलं होतं. तिला कपावरूनच कळलं होतं.' दिवा आता परत जाणार. रिकामं टेबल राहणार, आणि रोज त्या रिकाम्या टेबलावरून बायकोची नजर आपल्या हातांवर येणार.

ट्रेमध्ये मुंग्या आल्या होत्या. कुठून आल्या कोण जाणे, पण शिस्तीत, एकामागे एक. त्या पांढऱ्या थेंबांभोवती जमून माना हलवत होत्या. 'बघा,' काकांना भरून आलं, 'मुंग्यासुद्धा भेटायला आल्या.'

पण रडत बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. तोंडातला एखादा दात पडला तर काय करतात? शेजारचा दात बघून तसाच दुसरा बसवतात. इथे तर शेजारी सहा धडधाकट बगळे होते.

काका कामाला लागले. माप घेण्याची पावडर पाण्यात कालवून घट्ट केली आणि सहाव्या बगळ्याच्या डोक्यावर हळुवार दाबली. "घाबरू नका, नाकानं श्वास घ्या," असं डॉक्टरांकडे ऐकलेलं वाक्य सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं. तीन मिनिटांत माप रबरासारखं सुटून आलं. आत डोकं, चोच, डोळ्याची खाच, सगळं उलटं पण स्पष्ट.

मग रंग. छटांची पट्टी बगळ्यांसमोरून फिरवली. एक नंबर फारच पांढरा. दोन नंबर निळसर. चौथ्याला काकांचा हात थांबला. ही तर नेमकी पोस्टमास्तरीणबाईंच्या पुढच्या दातांची छटा! त्यांनी चौथ्या नंबरची पावडर घेतली, त्यात तो उग्र वासाचा द्राव मिसळला आणि मापात भरला.

चोच पिवळी हवी होती. ज्यांना खूप सिगारेटी ओढून मग कवळी लागते, त्यांच्यासाठी काका एक पिवळट तपकिरी रंग ठेवत, म्हणजे नवे दात परके वाटत नाहीत. तो चोचीला अगदी चपखल बसला. डोळ्याला काळा ठिपका हवा होता. एका गिऱ्हाइकानं मागे हट्ट धरला होता की माझ्या कवळीत एक दात किडका करा, नाही तर बायकोला खोटी कळेल. तो काळा रंग अजून बाटलीत शिल्लक होता.

डोकं घासलं, चाकावर पॉलिश केलं, खांद्याला जोडलं. पावणेतीन वाजता सातवा बगळा इतर सहांच्या शेजारी उभा होता. नुकताच दात घासून आल्यासारखा जरा जास्तच चकाकत होता, एवढंच.

काकांनी खिडक्या उघडल्या, दिवा जागेवर ठेवला आणि पेपर उघडून बसले. पेपर उलटा आहे हे त्यांच्या पाच मिनिटांनी लक्षात आलं.

काकू सव्वातीनला आल्या. दारातच नाक आक्रसलं.

"कवळीचा वास येतोय. आज रविवारी?"

"एक तातडीची आली होती."

"कोणाची?"

"आहे एक बाई. तू ओळखत नाहीस. लांब मान आहे."

"मानेचं काय मधेच?"

"नाही, म्हणजे ओळख पटावी म्हणून सांगितलं. तळ्याकाठी राहतात."

काकूंचं लक्ष मात्र दिव्याकडे गेलं होतं. त्या टेबलाजवळ गेल्या. वाकल्या. एक बगळा, दुसरा बगळा. सातव्यापाशी आल्या आणि पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. काकांनी पेपराच्या वरून एक डोळा काढला. बायकोचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिनं टेबलाला एक पूर्ण फेरी घातली आणि परत सातव्यासमोर आली.

"तुम्ही दिव्याला हात लावलात?"

"थोडी धूळ झटकली. कोरड्या फडक्यानं."

"कोरड्या?"

"एकदम कोरड्या."

काकू खुर्चीत बसल्या. "मग मान कशी वळली…" त्या पुटपुटल्या.

"कसली मान?"

"माझी. टेम्पोत अवघडली."

काकांना काही कळेना. बायकोला कळलं असेल तर ती ओरडत का नाही? आणि कळलं नसेल तर ती दिव्याकडे भूत बघितल्यासारखी का बघतेय? पण विचार करायला वेळ नव्हता. चाराला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजली. आत्या घंटेच्या आधी वर्गात पोचायची, ती सवय कायम होती.

"ये आत्या," काकू म्हणाल्या.

"आले. हे पायपुसणं तपकिरी आहे होय? मी इतकी वर्षं काळं समजत होते." आत्यानं काठी दाराशी टेकवली आणि काकांकडे बघितलं. "जावईबापू, तुमच्या कानांत केस आहेत हे मला कोणी सांगितलं नाही."

तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी टक् असा आवाज यायचा. वरची कवळी सैल. काकांच्या कानाला तो आवाज सुतळी बांधल्यासारखा ओढ देई. पण आत्यानं कवळी दुसरीकडून करून घेतली होती. घरच्या माणसाच्या हातात तोंड द्यायचं नसतं, असं तिनं तेव्हा सांगितलं होतं. काकांनी तेही मनात कपाच्या शेजारी ठेवून दिलं होतं.

"पाणी घेतेस, आत्या?"

"आधी दिवा." टक्.

आत्या दिव्यासमोर बसली. एक बोट पुढे करून हजेरी घ्यावी तशी मोजू लागली. "एक. दोन. तीन, वा, याच्या पंखाला निळं आहे! चार. पाच. सहा." बोट सातव्यावर आलं आणि तिथेच थांबलं. ती पुढे वाकली, इतकी की तिचं नाक बगळ्याच्या चोचीला लागलं.

"हा बगळा असा नव्हता," ती म्हणाली. या वेळी टक् झालं नाही.

काकांनी पेपराची घडी केली, ती उलगडली, परत घडी केली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. ते उभे राहिले.

"माझी चूक आहे," काका म्हणाले.

"माझी चूक आहे," काकू म्हणाल्या.

दोघं एकाच वेळी बोलले आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुझी कशी?"

"तुमची कशी?"

"अगं, मी धुतला! डोकं विरघळलं!"

"अहो, विरघळणारच! साखरेचं होतं ते!"

"काय साखरेचं होतं?"

"डोकं!"

"बगळ्याचं?"

"मग काय माझं?"

"शांतता!" आत्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "एकेकानं बोलायचं. हात वर करून."

काकांनी हात वर केला. काकूंनीही केला. आत्यानं काकूंकडे बोट केलं.

"लग्नाच्या अकराव्या वर्षी," काकू मान खाली घालून म्हणाल्या, "मी ओल्या फडक्यानं दिवा पुसत होते. या बगळ्याचं डोकं फडक्यात आलं. नुसता चुरा, पांढरी भुकटी. मला वाटलं आत्या दिवा परत नेणार. मग साखरेचा घट्ट गोळा घेतला, त्याचं डोकं घडवलं, खायचे रंग लावले, वरून चकाकी दिली. वाळताना ते डावीकडे वळलं, ते तसंच राहिलं. त्या दिवसापासून ह्यांना हात लावू दिला नाही. हे कुठलीही गोष्ट पाण्याखाली धरतात, दातांची सवय."

काकांचा हात अजून वरच होता, पण ते बोलायचं विसरले होते. मुंग्यांचा खडू. ट्रेमधल्या त्या मुंग्या. 'त्या भेटायला नव्हत्या आल्या तर,' त्यांच्या मनात आलं. 'जेवायला आल्या होत्या.'

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "कपामुळे नव्हतं?"

"कुठला कप?"

"त्या आठवड्यात माझ्या हातून फुटला तो."

"मला नाही बाई आठवत कुठला कप."

बावीस वर्षं! काका कधी काकूंकडे आणि कधी स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. त्यांना हसू येत होतं आणि नाक चोंदत होतं.

"जावईबापू, हात खाली घेतला तरी चालेल. आधी मला सांग," आत्या काकूंकडे वळली, "भुकटी म्हणालीस? पांढरी?"

"हो. बोटांना लागत होती."

"खडूसारखी?"

"अगदी खडूसारखी."

आत्यानं स्वतःचा उजवा हात हळूहळू वर केला.

"मी तेव्हा अकरा वर्षांची होते," ती म्हणाली. "वेणीची रिबीन धुतली होती आणि वाळत घालायला जागा नव्हती. बगळ्याची मान छान उंच होती. रिबीन ओढली, डोकं हातात आलं. बाबा यायला अर्धा तास होता. खऱ्या डोक्याला डिंक लावला तर ते धरेना. मग पाटीजवळचे खडू कुटले, डिंकात कालवले आणि डोकं केलं. बदकासारखं झालं होतं. बाबा आले, त्यांनी दिवा लावला आणि म्हणाले, वा, काय सुरेख बगळे आहेत. आता खरं डोकं कुठल्या तोंडानं बाहेर काढू?"

"आणि आम्हाला परत द्यायची अट घातलीस!" काकू म्हणाल्या.

"घातली. म्हटलं, घाबरून कोणी हात लावणार नाही आणि माझा खडू टिकेल. चाळीस वर्षं पोरींना सांगत आले, चूक झाली की उभं राहून सांगा. डोळ्यांची पट्टी निघाली तेव्हा पहिली दिसली ती नर्सची हनुवटी. तिच्यावर दोन केस. म्हटलं, लोकांना हे सगळं असं स्वच्छ दिसतं? म्हणजे माझं बदक सगळ्या जगाला दिसत असणार! आज उभं राहून सांगायला आले होते. येऊन बघते तर बदक नाहीच. चांगला राजबिंडा बगळा."

"ती पोस्टमास्तरीणबाईंची छटा आहे," काका नम्रपणे म्हणाले.

आत्यानं पर्स उघडली. आतून पेन्सिलींच्या टोकांची एक जुनी पत्र्याची डबी काढली. डबीत कापूस होता आणि कापसात ते डोकं होतं, सत्तर वर्षं झोपलेलं. तिघं वाकले. खरा बगळा डावीकडेही बघत नव्हता आणि उजवीकडेही नाही. तो खाली बघत होता, आणि त्याच्या चोचीत नखाएवढा रुपेरी मासा होता.

"मासा!" काकू म्हणाल्या. "बाकी सहा नुसते उभे, आणि यालाच मासा?"

"म्हणून तर माझी रिबीन याच्यावर," आत्या म्हणाली. "मला हाच आवडायचा. पण खडूत मासा जमेना."

काकूंनी डबी उचलली. ती आत्याकडे परत गेली नाही. काकूंनी ती काकांपुढे धरली.

"बसवता येईल?"

"कोणी?"

"तुम्ही. आणखी कोणी? हे काम दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला माझं मन होणार नाही."

काकांनी डबी घेतली. पस्तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. त्यांचे हात थोडे कापले. ते पुढच्या खोलीत गेले, भिंग लावलं, आणि मग हात आपले आपण स्थिर झाले. कवळीचं डोकं पातळ करवतीनं उतरवलं, खांदा साफ केला. सत्तर वर्षांपूर्वी मोडलेली कड खऱ्या डोक्याच्या कडेशी जुळवली, तेव्हा ती टिचकी वाजल्यासारखी बसली. दोघी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्यापैकी कोणीही "सांभाळून" म्हणालं नाही. काकांच्या ते लक्षात आलं.

दिवा टेबलावर परत आला. काकूंनी छत्री चढवली, बटण दाबलं. दुपारची वेळ होती, उजेडाची गरज नव्हती, पण लावला. मासा चमकला.

"मग दिवा घेऊन जाणार, आत्या?" काकूंनी भीत भीत विचारलं.

आत्यानं उत्तर द्यायच्या आधी पाठ फिरवली, रुमाल तोंडाशी नेला आणि वरची कवळी काढून रुमालात गुंडाळून पुढच्या खोलीतल्या काकांच्या कामाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"कुठल्या तोंडानं नेऊ?" ती बोळक्या तोंडानं म्हणाली. "तोंड इथे ठेवलंय. टक् टक् बंद करा, जावईबापू. आणि एखादा दात थोडा वाकडा बसवा. फार राजबिंडी नको."

"चौथा नंबर?" काकांनी विचारलं.

"पोस्टमास्तरणीसारखे नकोत. बगळ्यासारखे हवेत."

चहा झाला. लग्नाच्या केकमधून वाचलेले दोन गुलाब आत्यानं हिरड्यांनीच चघळून संपवले. ती गेल्यावर काकूंनी खुंटीवरचं दिव्याचं फडकं काढलं, ज्याला बावीस वर्षांत दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता, आणि काकांच्या खांद्यावर टाकलं.

"आजपासून दिवा तुम्ही पुसायचा. ओल्या फडक्यानं पुसा, नाही तर अंघोळ घाला."

आनंदाच्या भरात काकांनी टेबलावरच्या कपबशा गोळा केल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाले. काकू मागून बघत होत्या. काका उंबऱ्यापर्यंत पोचले असतील नसतील, तोच त्यांनी हाक मारली.

"अहो, थांबा. निळ्या काठाचा होता का तो?"

"कोण?"

"कप."

काका थबकले. "हो," ते हळूच म्हणाले.

"आठवला," काकू पुढे आल्या आणि त्यांच्या हातातून कपबशा काढून घेतल्या. "दिवा तुमचा. कपबशा मी धुते."